कळूनही तसेच दिसते

प्रवेशाच्या खिडकीतल्या लिपिकाने माझ्याकडे न पाहताच ‘मुलीचं पूर्ण नाव सांगा’ असे म्हटले, तेव्हा मी माझे स्वतःचे नाव सांगितले. त्याने मान वर केली, अर्जावरची जन्मतारीख पुन्हा एकदा वाचली आणि मुकाट्याने शिक्का मारला. वयाच्या ४९ व्या वर्षी विद्यापीठात एका सत्राचा अभ्यासक्रम घ्यायला आलेली बाई त्याच्या रोजच्या अनुभवात बसत नव्हती, एवढाच त्याचा दोष. पुढचे पंधरा शनिवार मी जे शिकले त्यातला बराचसा भाग, समोरचे नीट पाहण्याआधीच ते काय असेल हे ठरवून मोकळ्या होणाऱ्या मनाबद्दलच होता. पण त्या दिवशी मला फक्त थोडा राग आला होता.

सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २४ वर्षे गणित शिकवते आहे. या काळात मी सर्वाधिक वेळा उच्चारलेले वाक्य कोणते, असे माझ्या विद्यार्थ्यांना विचारले तर ते एखादे सूत्र सांगणार नाहीत; ‘याला कळतं, पण वळत नाही’ हे वाक्य सांगतील. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करताना मधले पद गाळायचे नसते, हे ज्या मुलाने काल फळ्यापाशी येऊन सगळ्या वर्गाला समजावून सांगितले, तोच मुलगा आज चाचणीत ते पद गाळतो. विचारले तर नियम घडाघडा म्हणून दाखवतो, स्वतःची चूक पाहून ओशाळतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच चूक करतो. पालकसभेत मी हे वाक्य उच्चारले की पालकही मान डोलावतात, कारण त्यांच्या घरी ते रोज उच्चारले जाते. परंतु कळणे आणि वळणे यांच्यामध्ये नेमके काय असते आणि कळलेली गोष्ट तिथे कुठे अडते, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि खरे सांगायचे तर मीही कुणाला विचारले नव्हते. विद्यापीठाच्या खुल्या वैकल्पिक विषयांच्या यादीत ‘बोधविज्ञान परिचय’ हे नाव दिसले आणि खाली ‘स्मरण, अवधान, तर्क, भाषा’ असे चार शब्द दिसले, तेव्हा मी अर्ज भरला.

नावाबद्दल एक सांगायला हवे. सातारा-सांगलीकडच्या माणसाने ‘बोध’ हा शब्द ऐकला की त्याचे मन आधी सज्जनगडाच्या पायऱ्या चढू लागते आणि मग शाळेच्या पुस्तकातल्या धड्याखाली येऊन ‘या गोष्टीतून तुम्ही काय बोध घ्याल?’ या प्रश्नापाशी थांबते. आमच्या या विषयात बोध घेण्यासारखे काही नव्हते. बोध होतो कसा, एवढाच प्रश्न होता. वर्गात मात्र सगळेजण, शिकवणारे सरसुद्धा, ‘कॉग्निटिव्ह’ असेच म्हणत. सर माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान होते. मी त्यांना ‘सर’ म्हणे, ते मला ‘मॅडम’ म्हणत, आणि बाकीची विशी-बाविशीची मुले आम्हा दोघांनाही सारख्याच अंतरावरून पाहत.

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर एक तारीख लिहिली: ११ सप्टेंबर १९५६. त्या दिवशी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये माहिती-सिद्धांताच्या परिषदेत अॅलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्काने प्रमेये सिद्ध करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीबद्दल सांगितले, नोम चॉम्स्की यांनी व्याकरणाबद्दल आणि जॉर्ज मिलर यांनी माणसाच्या स्मरणाच्या मर्यादेबद्दल. तिन्ही विषय वेगवेगळे असले तरी बोलले जात होते ते एकाच गोष्टीबद्दल, असे मिलर यांना वाटले, आणि पुढे त्यांनी हाच दिवस या शास्त्राचा जन्मदिवस मानला. न्यूएल आणि सायमन यांच्या आज्ञावलीने रसेल आणि व्हाइटहेड यांच्या गणिताच्या पायाभूत ग्रंथातल्या एका प्रकरणातल्या पहिल्या ५२ पैकी ३८ प्रमेये सिद्ध केली होती, हे ऐकून माझ्यातली गणिताची शिक्षिका सुखावली. मिलर यांनी त्याच वर्षी मांडलेला ‘सात, दोन कमी किंवा दोन जास्त’ हा आकडा मला आधी घरगुती वाटला आणि मग अचूक वाटला. एका वेळी मनात साधारण सात सुट्या गोष्टी मावतात, असे ते म्हणत. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारापर्यंत खाली आणला. पण सुटी गोष्ट म्हणजे काय, यातच सगळी गंमत आहे. माझी आई मोबाइलचा दहा अंकी क्रमांक ‘अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तेचाळीस’ अशा जोड्यांनी म्हणते, म्हणजे तिला फक्त पाच शब्द लक्षात ठेवावे लागतात. माझी मुलगी तोच क्रमांक इंग्रजीत एकेक आकडा सुटा म्हणते आणि सातव्या आकड्यावर अडखळते. शंभरापर्यंतच्या प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव असल्याने मराठी मुलांना अंकगणित जड जाते, अशी तक्रार मी स्वतः अनेकदा केली आहे. तिची ही दुसरी बाजू मला ४९ वर्षांत सुचली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी दोन रेषा आल्या. फ्रांत्स म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेली ती आकृती बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेली असते: दोन सारख्या लांबीच्या आडव्या रेषा, एकीच्या दोन्ही टोकांना बाणाची बंद टोके, दुसरीच्या टोकांना तीच टोके उलटी, शेपटीसारखी उघडलेली. दुसरी रेष लांब दिसते. मी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि दोन्ही मोजल्या; दोन्ही सहा सेंटिमीटर भरल्या. मोजपट्टी उचलली आणि दुसरी पुन्हा लांब झाली. सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, ‘मॅडम, मोजल्यावर कळलं ना तुम्हाला? मग आता सारख्या दिसायला काय हरकत आहे?’ वर्ग हसला, मीही हसले; पण परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी वहीतली ती आकृती पुन्हा पुन्हा उघडत होते. मला नियम ठाऊक होता, मी पुरावाही स्वतःच्या हाताने घेतला होता, आणि तरीही माझे डोळे माझे ऐकत नव्हते. मधले पद गाळणाऱ्या त्या मुलाची मला पहिल्यांदा थोडी दया आली.

हा भ्रम सगळ्या जगाला सारखाच होतो, असे मात्र नाही. मार्शल सेगल, डोनाल्ड कॅम्पबेल आणि मेल्विल हर्स्कोव्हिट्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कलहारी वाळवंटातल्या सान लोकांना या दोन रेषा जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. जे लोक काटकोनी भिंती आणि कोपरे यांत वाढतात त्यांचे डोळे अशा टोकांना कोपऱ्यांप्रमाणे वाचतात, असे एक स्पष्टीकरण त्यावर दिले गेले. ते सर्वांना मान्य नाही. या विषयातले पुष्कळसे निष्कर्ष अमेरिकी विद्यापीठांच्या विशीतल्या विद्यार्थ्यांवरून काढलेले असतात आणि मग ते ‘माणसा’बद्दल म्हणून सांगितले जातात, याकडे जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लक्ष वेधले. आमच्या वर्गात हा मुद्दा दहा मिनिटांत उरकला गेला. माझ्या मते तो पहिल्याच दिवशी सांगून ठेवायला हवा होता.

त्या मुद्द्याचा प्रत्यय आम्हाला दोनच आठवड्यांनी आला. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडताना अर्थहीन अक्षरगट पाठ केले होते, सुमारे २३०० अक्षरगटांचा साठा तयार करून, आणि प्रयोगाचा विषयही ते स्वतःच होते. तसे अक्षरगट मराठीत तयार करायला सरांनी सांगितले आणि अर्धा तास गोंधळ उडाला. दोन अक्षरे शेजारी ठेवली की मराठीत त्यांना अर्थ फुटतोच: कप, मग, नट, दर, खर, वळ, सल. शेवटी ‘झफ’ आणि ‘ठघ’ यांवर एकमत झाले, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की ‘ठघ’ ऐकल्यावर त्याला ठग आठवतो. एबिंगहाउसला असा वर्ग मिळाला असता तर विस्मरणाचा आलेख आजही अपुराच राहिला असता.

त्याच सुमाराला स्ट्रूप यांचा प्रयोग झाला. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट अशी की ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिला आणि शाईचा रंग सांगायला लावला, तर माणूस अडखळतो, कारण शब्द वाचायचा नाही असे ठरवूनही तो वाचला जातो. आम्ही सगळे देवनागरी तक्त्यापुढे अडखळलो. मग जत तालुक्यातून येणाऱ्या एका मुलाने कन्नड लिपीत रंगांची नावे लिहून दुसरा तक्ता केला. तो तक्ता आम्ही सुसाट म्हटला आणि तो एकटा त्यावर चाचपडत राहिला. ज्याला वाचता येते त्यालाच वाचणे थांबवता येत नाही. त्याचे कन्नड वाचन प्राथमिक शाळेतले होते, पुढे त्याने ती लिपी फारशी वापरलीही नव्हती, तरी ती त्याच्या रंगांच्या आड आली.

यानंतरची गोष्ट सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे सरांनी मराठीत आणले. टेबलावर चार पत्ते: अ, क, ४ आणि ७. नियम असा की पत्त्याच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. हा नियम खरा की खोटा, हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटावेच लागतील? मी क्षणार्धात ‘अ आणि ४’ असे लिहून वही बंद केली. उत्तर ‘अ आणि ७’ असे आहे. ४ च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे सम संख्या असू नये असे कुणी म्हटलेलेच नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम तिथेच मोडतो. ‘जर प, तर फ’ आणि ‘जर फ नाही, तर प नाही’ ही दोन विधाने सममूल्य असतात, हे मी बारावीच्या वर्गाला दर जूनमध्ये शिकवते. सत्यतासारणी मांडून शिकवते. हे कोडे दहातल्या एकालाही धड सुटत नाही, असे सांगून सरांनी सगळ्यांचे सांत्वन केले, परंतु त्या सगळ्यांनी तर्कशास्त्राच्या प्रकरणावर २४ वर्षे खडू झिजवलेला नव्हता.

पुढचा भाग अधिक मोलाचा होता. रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांपुढे हेच कोडे दारू पिण्याच्या वयाच्या नियमात घालून ठेवले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी ते सोडवले. मी ते माझ्या वर्गासाठी एसटीत आणले. नियम असा: मोफत तिकीट असेल, तर प्रवाशाचे वय ७५ पूर्ण झालेले असले पाहिजे. सांगलीहून तासगावला निघालेल्या गाडीत चार प्रवासी आहेत. एकाच्या हातात मोफत तिकीट आहे, एकाने पूर्ण तिकीट काढले आहे, एक आजोबा दिसतातच ८० वर्षांचे आणि एक गृहस्थ चाळिशीचे. तपासनीस कुणाला विचारील? पत्त्यांच्या कोड्यात माझ्या वर्गातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले टिकली होती. एसटीत मात्र जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘मोफतवाल्याचं वय आणि चाळिशीवाल्याचं तिकीट!’ आजोबांना कशाला उठवायचे, असेही एकीने वर सांगितले. कोड्याचा सांगाडा एकच होता. एका ठिकाणी जो तर्क मुलांना जमत नव्हता तोच दुसऱ्या ठिकाणी त्यांच्याकडून आपोआप होत होता. असे का व्हावे, यावर अभ्यासकांत वाद आहे. लीडा कॉस्मिडीस यांनी १९८९ मध्ये असे मांडले की लबाडी पकडण्यासाठी माणसाच्या मनात वेगळीच यंत्रणा असते. इतरांना तो नुसत्या सरावाचा आणि परवानगीच्या नियमांच्या ओळखीचा परिणाम वाटतो. मला दोन्ही बाजू वाचून पुरेसे पटले नाही. मात्र ‘याला तर्क कळतो का?’ हा प्रश्न मी ज्या थाटात विचारत आले होते तो थाट त्या दिवशी गळाला, कारण कोणत्या गाडीत बसलेला तर्क, हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नव्हते.

सत्राच्या मध्यावर एक छोटा प्रयोग घरी करून आणायचा होता, आणि सांगलीत राहणाऱ्या माणसाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. बुद्धिबळाच्या प्रसारासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या गावात बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला एखादा वडीलधारा माणूस शेजारात सापडतोच. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते की खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू एका नजरेत सोळाएक मोहरी पुन्हा जागेवर मांडतो आणि नवशिक्या चारएक. पण मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली तर दोघांचे स्मरण जवळपास सारखेच तोकडे पडते. आमच्या शेजारच्या काकांनी खरी स्थिती पाहिली आणि किल्लेकोट केलेल्या राजापासून सुरुवात करून मोहरी अशी मांडली की जणू ती त्यांच्या बोटांतून गळत होती. मग मी विखुरलेला पट दाखवला. पाच सेकंद संपले तरी काकांनी हात पुढे केला नाही. ‘हे काय आहे? पांढऱ्याचा उंट इथं आलाच कसा, ते सांग आधी,’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘काका, तो आलेला नाही, मी नुसता ठेवलाय.’ ते खरोखरच रागावले. ‘अगं, असा नुसता ठेवता येत नाही उंट,’ असे म्हणून त्यांनी माझा प्रयोग तिथेच मोडला आणि चहा मागवला. मी टिपणात त्यांचे गुण शून्य लिहिले. पण त्या शून्यात जे होते ते मला चेस आणि सायमन यांच्या तक्त्यापेक्षा अधिक बोलके वाटले. काकांना मोहरी दिसतच नव्हती, चाली दिसत होत्या, आणि ज्या पटात चाली नाहीत तो त्यांना पटच दिसत नव्हता.

हेन्री मोलेसन यांच्याबद्दल या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात असते, म्हणून थोडक्यात सांगते. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे, स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसचे भाग काढले गेले आणि त्यानंतर त्यांच्या मनात नव्या घटना टिकेनाशा झाल्या. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. हा सराव आपण पूर्वी केला आहे हे त्यांना दर वेळी ठाऊक नसे, पण हात मात्र तीन दिवसांत सुधारला. २००८ मध्ये ते गेले, तोवर जग त्यांना फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखत होते. मी हे ऐकत असताना माझ्या डोळ्यांपुढे बाबा होते. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली मराठी रंगभूमीचा पाया घातला, तिथे पेटी वाजवणाऱ्याला काम कमी पडत नाही. बाबांनी नोकरी सांभाळून हौशी मंडळ्यांना आयुष्यभर साथ केली. शेवटच्या वर्षात समोर कोण बसले आहे हे त्यांना सांगता येत नसे, पण पट्टी बदलली की त्यांची बोटे बदललेल्या पट्टीवर जात.

पेटीचा विषय निघाला आहे तर तो आता पुरा करते, कारण माझ्या दृष्टीने या अभ्यासक्रमाचा खरा विषय तोच ठरला.

अकराव्या शनिवारी ‘लख्ख आठवणी’ हे प्रकरण होते. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी १९७७ मध्ये अशा आठवणींना फ्लॅशबल्बची उपमा दिली: धक्कादायक घटना घडते, मनात प्रकाश पडतो आणि त्या क्षणाचे जणू छायाचित्र निघते. उलरिक नायसर यांना हे पटत नव्हते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान आकाशात फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी, ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. अडीच वर्षांनी निकोल हार्श यांच्यासह त्यांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. मुख्य तपशिलांत ११ जणांचे उत्तर पूर्णपणे चुकले होते, सर्व तपशील बरोबर असलेले फक्त ३ निघाले, आणि चुकलेल्यांचा आत्मविश्वास काही कमी नव्हता. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले, तरी जुनी आठवण परत आली नाही. सरांनी गृहपाठ दिला: तुमची एक लख्ख आठवण लिहा आणि मग तिचा पुरावा शोधा.

माझी आठवण तयारच होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हाची. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे सांगलीबाहेरच्या वाचकालाही कल्पना येईल. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात गुडघाभर पाणी, वीज गेलेली, बाबांची पेटी माझ्या डोक्यावर, जिन्याची सहावी पायरी कडेला फुटलेली, वर आई मोबाइलचा उजेड धरून उभी, आणि खालून आवाज येतो, ‘तिरकी धरू नको, भाता दबेल.’ ही गोष्ट मी वर्गात, लग्नकार्यांत, शिक्षकांच्या खोलीत किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. दोन पाने लिहिली आणि पुराव्याची औपचारिकता म्हणून ती धाकट्या भावाला वाचून दाखवली.

तो म्हणाला, ‘ताई, तू कुठं होतीस तेव्हा? तू विश्रामबागेत होतीस, तुझ्या घरी.’

मी हसले. मग त्याने विचारले, ‘आणि खालून कोण म्हणालं, भाता दबेल म्हणून? मी तर आईजवळ वर होतो.’

भाता दबेल, हे वाक्य आमच्या घरात एकच माणूस म्हणत असे. बाबा २०१४ साली गेले. मी ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिले होते, दोनदा वाचले होते, आणि तो आवाज कुणाचा हे स्वतःला विचारले नव्हते.

भावाच्या मोबाइलमध्ये त्या रात्रीचे संदेश अजून होते. ६ ऑगस्ट २०१९. मी विचारले होते, ‘कागदपत्रं?’ त्याने लिहिले होते, ‘पेटी वर नेली. आईपण वर आहे. तू येऊ नको, पाणी चढतंय.’ त्याखाली माझे हात जोडलेले चिन्ह होते. ती पेटी म्हणजे पत्र्याची पेटी, जिच्यात घराचे खरेदीखत, सातबाराचे उतारे आणि विम्याचे कागद असतात. बाबांची पेटी २००५ च्या पुरापासून वरच्या खोलीतच आहे. ती कुणी हलवण्याचा प्रश्नच नव्हता. २००५ साली मात्र ती मी खरोखरच वर नेली होती, तेव्हा माझे लग्न व्हायचे होते आणि बाबा माझ्या मागून पायऱ्या चढत होते. म्हणजे जिना, फुटलेली पायरी आणि आवाज २००५ चा, मोबाइलचा उजेड २०१९ चा, आणि या दोन पुरांना जोडणारा दुवा एकच शब्द, ज्याचे मराठीत दोन अर्थ होतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आम्ही त्याच महिन्यात शिकलो होतो: मोटारींची टक्कर दाखवून ‘आदळल्या’ अशा जोरदार क्रियापदाने प्रश्न विचारलेल्यांनी वेग ताशी सरासरी ४०.५ मैल सांगितला, सौम्य क्रियापद ऐकलेल्यांनी ३१.८, आणि अशाच दुसऱ्या प्रयोगात जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना आठवडाभराने फुटलेल्या काचा आठवल्या, ज्या चित्रफितीत नव्हत्याच. शिकताना मला ती इतरांची फजिती वाटली होती.

आईला विचारले. तिने दोन्ही पुरांच्या कथा शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाली, ‘कुणी का नेली असेना, भिजली नाही ना?’

गृहपाठ मी खरा लिहून दिला. सरांनी समासात फक्त ‘आता कसे दिसते?’ एवढेच विचारले होते, आणि मी त्याखाली उत्तर लिहिले की तसेच दिसते. आजही त्या रात्रीचा विचार केला की मी विश्रामबागेतल्या कोरड्या घरात, हातात मोबाइल घेऊन अस्वस्थ बसलेली स्वतःला दिसत नाही. मला जिना दिसतो, वर उजेड दिसतो, डोक्यावर वजन जाणवते. तारीख माहीत आहे, पुरावा पाहिलेला आहे, मोजपट्टी लावून झालेली आहे. दुसरी रेष लांबच आहे. एक गोष्ट कबूल करते की ती आखूड व्हावी असे मला फारसे वाटतही नाही, कारण तिच्यात बाबांचा आवाज आहे.

सत्राच्या परीक्षेत ‘स्मृतीची व्याख्या लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न आला आणि मी ती पाठ केलेली व्याख्या लिहून पाचही गुण मिळवले. जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. पहिल्या पालकसभेत एका आईने मुलाच्या चाचणीचा कागद पुढे केला, मधले पद गाळलेले होते, आणि माझ्या तोंडून ‘याला कळतं, पण वळत नाही’ हे वाक्य इतक्या सहज निघाले की मी स्वतःच दचकले. त्या माउलीने नेहमीसारखी मान डोलावली.

जुलैच्या शेवटी कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि रात्री भावाचा फोन आला.

‘ताई, पेटी वर नेऊन ठेवलीय.’

‘कोणती?’

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पत्र्याची. कागदांची. आणि तू आत्ता विश्रामबागेत आहेस. तारीख घालून लिहून ठेव.’